लाल पट्टीचा पक्षी, हिरव्या पट्टीचा उंदीर

तळ्यावरच्या ऑफिसात साहेबाच्या खुर्चीमागे भिंतभर एक तक्ता लावलेला होता. डावीकडे पक्षी, उजवीकडे उंदीर. पक्ष्याचं चित्र रंगीत, उंदराचं काळं-पांढरं. खाली ओळीनं लिहिलेलं, ह्याचा वर्ग पक्षी, त्याचा वर्ग सस्तन. मग गण, मग कूळ, मग असली नावं की वाचताना जिभेला पीळ पडावा. सगळ्यात खाली एकेक पट्टी. पक्ष्याखाली लाल, त्यावर ‘अतिधोक्यात’. उंदराखाली हिरवी, त्यावर ‘काळजीचं कारण नाही’.

उंदीर पकडणारी पिंजरेवाली अक्षर लावून लावून वाचायची. पण रंग वाचायला शाळा लागत नाही. लाल म्हणजे मरू द्यायचं नाही, हिरवं म्हणजे दिसेल तिथं मारायचं. एकोणीस वर्षं तिचं पोट त्या दोन पट्ट्यांवर चाललं.

आधी हे काम तिच्या नवऱ्याचं होतं. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा त्या वेळच्या साहेबानं साठ पिंजरे तिच्या हवाली केले आणि गोदामामागची खोली तिच्याकडेच राहू दिली. कागदावर ती रोजंदारीवर. आज आहे, उद्या नाही. खोली म्हणजे तरी काय, दहा पावलं लांब, सात पावलं रुंद. खिडकी एकच, तिच्याही अर्ध्या भागावर बाहेरून वल्ही रचलेली. आत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेले पिंजरे. पाहुणी बाई आली तर तिला बसायला जागा नसायची, म्हणून कुणी येतही नसे. पण दाराला आतून कडी होती आणि ती कडी तिची होती. विधवा बाईला आतून लावायला स्वतःची कडी असणं म्हणजे काय, ते जिला नसते तिलाच विचारा.

रोज सकाळी तिचा धाकटा दीर तिला होडीतून बेटावर न्यायचा. तोही तळ्यावरच कामाला, नावाडी. बेट म्हणजे तळ्याच्या मधोमध लव्हाळ्यानं भरलेला चिखलाचा उंचवटा, तासाभरात सगळा फिरून व्हावा एवढा. तिथं तो लाल पट्टीचा पक्षी घरटी करायचा. त्याची चोच लाल, म्हणून सगळे त्याला लालचोच्या म्हणायचे. दिसायला राजबिंडा, अकलेनं दगड. उघड्या चिखलावर चार काड्या टाकून अंडी घालणार आणि कुणी जवळ गेलं की अंडी सोडून आधी स्वतः पळणार. उंदरांची चैन. म्हणून बेटावरचे उंदीर मारायचे.

विष टाकायची बंदी होती, मेलेला उंदीर एखाद्या पक्ष्यानं खाल्ला तर पंचाईत. मग उरलं पाणी. रात्री लावलेले पिंजरे सकाळी गोळा करायचे, दोरी बांधून होडीच्या कडेनं तळ्यात सोडायचे आणि शंभर मोजायचे. शंभर झाले की वर. सुरुवातीला ती दुसरीकडे तोंड करून मोजायची. दुसऱ्या वर्षापर्यंत तोंड फिरवायचं राहिलं. पुढं पुढं तर ती मोजतामोजता दिराशी घरच्या गप्पा मारायची आणि दीर मुद्दाम मधेच भलते आकडे ओरडून तिला चुकवायचा. चुकली की ती पुन्हा एकपासून सुरू करायची. पिंजऱ्यातल्याला त्यानं काही फरक पडत नव्हता.

आता शेपट्यांचं. दर शनिवारी चाळीस शेपट्या ऑफिसात द्यायच्या असा नियम. चाळीस भरल्या नाहीत तर पुढच्या शनिवारी ऐंशी. आणि शेपूट अख्खं पाहिजे, मुळापासून टोकापर्यंत. कारण तिच्या नवऱ्याच्याही आधीचा जो कुणी पिंजरेवाला होता तो एका शेपटाचे दोन करायचा. तेव्हापासून कारकून प्रत्येक शेपूट खिडकीपाशी धरून बघायचा, मूळ आहे का, टोक आहे का. बघून झालं की मीठ लावून पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि डब्यावर वर्ष घालायचा. कधी वरून तपासणी आलीच तर दाखवायला पुरावा हवा ना. तपासणी एकोणीस वर्षांत आली नाही. डबे साठले.

पहिल्याच वर्षी तिच्या लक्षात आलं होतं की बेटावर दोन जातींचे उंदीर आहेत. एक साधा, राखाडी, डोळ्यात बदमाशी. दुसरा थोडा जाडसर, मऊ केसाचा, आणि शेपटाचं टोक पांढरं, चुन्यात बुडवल्यासारखं. साध्याच्या बिळात अंड्यांची टरफलं सापडायची. पांढऱ्या टोकाच्या बिळात कधीच नाही. तो लव्हाळ्याचे कंद खायचा आणि पुढचे दोन पाय छातीशी धरून बसायचा, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.

तिनं साहेबाला सांगितलं. साहेब फाईलीतून मान वर न करता म्हणाला, उंदीर तो उंदीर. तो साहेब बदलून दुसरा आला, त्यालाही तिनं सांगितलं. तो हसला आणि त्यानं शिपायाला हाक मारून सांगितलं की बाईंना तक्त्यावर एक चित्र वाढवून पाहिजे. शिपायालाही हसावं लागलं. तिसऱ्या, म्हणजे आत्ताच्या, साहेबाला तिनं सांगितलं नाही.

इथपर्यंत सगळं साहेबांच्या डोक्यावर टाकून मोकळं होता आलं असतं. पण खरं ते खरं. साधा उंदीर हुशार. महिनाभर तोच पिंजरा दिसला की तो त्याच्याकडे ढुंकून बघायचा नाही. पांढऱ्या टोकाचा भोळा. त्याला मासळीचा तुकडासुद्धा लावावा लागत नव्हता. पिंजऱ्याच्या तळाला ओला चिखल लिंपला आणि वरून लव्हाळं टाकलं की त्याला ते बीळ वाटायचं, आणि तो आपल्या पायानं आत जाऊन बसायचा. शुक्रवारी दुपारी मोजदाद पंचवीसवर अडकली की पिंजरेवाली वीस पिंजऱ्यांना चिखल लिंपायची. शनिवारी चाळीस भरायच्या. ते अंडी खात नाहीत हे तिला माहीत होतं. तरी ती शंभर मोजायची. दीर एकदा म्हणाला होता, वहिनी, हे तर चोर सोडून संन्याशाला धरणं झालं. तिनं त्याला वल्हं मारायला सांगितलं.

मग मॅडम आली.

मॅडम कुठल्याशा मोठ्या कॉलेजातून लालचोच्यांची मोजणी करायला आलेली. बारीक, उन्हानं रापलेली, चिखलात गुडघ्याएवढी शिरणारी. तिला वाळलेली पिसं ठेवायला रिकामा डबा हवा होता. कारकुनानं गोदाम दाखवलं आणि तो चहाला गेला. मॅडमनं पहिलाच डबा उघडला तो शेपट्यांचा. संध्याकाळपर्यंत तिनं पिंजरेवालीच्या काळातले एकोणीसही डबे उघडून गोदामाच्या फरशीवर वर्षावर्षाचे ढीग लावले होते. साध्या एकीकडे, पांढऱ्या टोकाच्या दुसरीकडे. पहिल्या वर्षाच्या डब्यात निम्म्या पांढऱ्या टोकाच्या. मधल्या वर्षांत पाव. शेवटच्या डब्यात तीन.

तिनं पिंजरेवालीला बोलावून घेतलं. आवाज गोड होता, चढा नव्हता. हे उंदीर वेगळे आहेत हे तुला कधी कळलं, असं विचारलं.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. पिंजरेवालीला बरं वाटलं. तिनं भडाभडा सगळं सांगितलं. कंद, मऊ केस, छातीशी धरलेले पाय, अंडी न खाणं, चिखल लिंपलेला पिंजरा. “पहिल्याच वर्षी कळलं,” ती म्हणाली. मॅडमनं ते वहीत लिहून घेतलं, तारीख घातली आणि खाली तिची सही घेतली. पिंजरेवालीनं मान वाकडी करून, जीभ दातात धरून, नीट सही केली.

आठ महिन्यांनी कागद आला. पांढऱ्या टोकाचा उंदीर ही वेगळीच जात निघाली. जगात दुसरीकडे कुठंही नाही, फक्त ह्या बेटावर, आणि इथंही आता असतीलच तर बोटावर मोजण्याइतके. त्याच कागदात पुढं असंही होतं की लालचोच्या दूरच्या एका दलदलीत हजारोंनी सापडलाय, तेव्हा त्याची चिंता करायचं काम नाही. शिपायानं स्टुलावर चढून तक्त्यावर नव्या पट्ट्या डकवल्या. पक्ष्याखाली हिरवी, उंदराखाली लाल. दोन मिनिटांचं काम.

चौकशी बसली. साहेबानं सरळ कानावर हात ठेवले. आदेशात उपद्रवी उंदीर असा शब्द आहे, तो म्हणाला, हे उंदीर उपद्रवी नव्हते. बाईला ते पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, तिची सही आहे. आम्हाला मात्र कुणी काही बोललं नाही. कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, मी मूळ आणि टोक बघायचो, टोकाचा रंग बघायचं मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ते खरंही होतं.

पिंजरेवालीला कामावरून काढलं. खोली पंधरा दिवसांत रिकामी करायची. पेपरात तिचा फोटो आला, हातात पिंजरा, डोळे अर्धवट मिटलेले. नळावर बायका तिला बघून गप्प व्हायच्या आणि ती पाठमोरी झाली की सुरू. किराणावाल्यानं गिऱ्हाइकांसमोर विचारलं, काय बाई, आता कुणाचा वंश बुडवायचा विचार आहे? सगळे हसले. त्याच किराणावाल्याच्या पोत्यांमागे ती वर्षानुवर्षं पिंजरे लावून द्यायची, आणि बदल्यात तो तिला तुटकी बिस्किटं द्यायचा.

दहाव्या दिवशी दीर धापा टाकत आला. साहेबानं बोलावलंय.

झालं असं होतं की मॅडमनं फर्मान सोडलेलं, उरलेत तेवढे जिवंत पकडा, सांभाळा, त्यांची पैदास करा. मोठे साहेब स्वतः बघायला येणार होते. परदेशी बनावटीचे चकचकीत पिंजरे आले, त्यात शेंगदाण्याचं लोणी लावलं, आणि आठवडाभर त्यात नुसते साधे उंदीर लोणी खाऊन गेले. साहेबानं तिला खुर्ची दिली, हे पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. दोन जिवंत आणून दे, तो म्हणाला, तुला कायम करतो, खोली तुझी. टाईप केलेला कागद त्यानं टेबलावर फिरवून तिच्यासमोर धरला. सगळं लिहिलेलं होतं. फक्त सही नव्हती.

ती सहा दिवस बेटावर वाकून वाकून फिरली. चौथ्या दिवशी एक सापडला, मोठा, एका कानाला चीर गेलेला. सहाव्या दिवशी दुसरा, लहानखुरा. त्याच दिवशी, दुसरा पिंजरा उचलताना, तिच्या पायाखालचा लव्हाळ्याचा गड्डा खचला आणि आत मादी दिसली. पोटाला पाच पिल्लं, अजून डोळे न उघडलेली. मादीनं तिच्याकडे बघितलं आणि पळाली नाही. दिरानंही होडीतून मान लांब करून बघितलं. पिंजरेवालीनं गड्डा होता तसा ठेवला, वरून चिखल थापला. दोनच सांगितलेत, ती म्हणाली. दोन झाले.

मॅडम गावी नव्हती. तिनं फोनवर बजावलं की मी सोमवारी येते, तोवर दोघांना वेगळ्या पेट्यांत ठेवा. पण मोठे साहेब शनिवारी येणार होते, आणि साहेबाला दाखवायची होती जोडी. एका दुकानातून काचेची शोकेस भाड्यानं आणली होती. तिच्यात वाळू, दोन दगड, पाण्याची बशी.

उंदराचा नर-मादी ओळखायचा म्हणजे शेपूट उचलून खालचं बघायचं. हंगाम नसला की नराचं सगळं आत जातं, वरवर बघणाऱ्याला कोवळा नर मादीच वाटतो. साहेबानं चष्मा लावून लहानग्याला बघितलं आणि ही मादी असं जाहीर केलं. पिंजरेवालीनं आयुष्यात हजारो उंदरांच्या शेपट्या मुळापासून कापल्या होत्या. खालच्या दोन भोकांमधलं अंतर बघितलं की झालं. मादीत ती जवळजवळ असतात, नरात करंगळी मावेल एवढी लांब.

“साहेब, दोन्ही नर आहेत,” ती म्हणाली. “एकत्र ठेवू नका. थोडे दिवस द्या, मादी मिळते का बघते.”

“बरं झालं सांगितलंस,” साहेब म्हणाला. “आता तूच कॉलेजात जाऊन शिकवायला लाग. मी तुझे पिंजरे धुतो.”

शिपाई हसला. कारकून हसला. टेबलावर तो कागद होता, त्यावर पेपरवेट म्हणून कुलूप-किल्ली ठेवलेली. साहेबानं नुसतं त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. सही उद्या, कार्यक्रम नीट झाला की, असं म्हणाला.

 शनिवारी सकाळी तिनं स्वतःच्या हातांनी आधी मोठ्याला आणि मग लहानग्याला शोकेसमध्ये सोडलं. दुसऱ्या कुणाचा हात त्यांना सोसत नव्हता.

मोठे साहेब बायकोला घेऊन आले. फुलं, फोटो, भाषण. पिंजरेवालीला मागे, भिंतीला लागून उभं केलं होतं, आणि पिंजरा हातात घ्यायचा नाही असं बजावलं होतं. काचेत मोठ्यानं लहानग्याला एकदा हुंगलं. मग तो त्याच्यावर धावून गेला. लहाना दगडामागं गेला, तिथून बशीमागं, तिथून कोपऱ्यात. काचेला कोपरा असतो, बीळ नसतं. मोठे साहेब खूश झाले. बाईसाहेब म्हणाल्या, बघा कसे खेळतायत. साहेब लाजल्यासारखं करून म्हणाला की नवीन जोडी आहे, थोडं चालायचंच. सगळे हसले. मोठ्यानं लहानग्याची मान पकडली तेव्हा कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

पिंजरेवाली पुढं आली, झाकणाला हात घातला. साहेबानं कोपरानं तिला मागं लोटलं. फोटो चाललाय, तो दात न उघडता म्हणाला.

मग काचेवर आतून लाल शिंतोडा उडाला. बाईसाहेबांनी तोंड फिरवलं. शिपायानं टेबलावरचा रुमाल शोकेसवर टाकला आणि सगळ्यांना चहाकडे नेलं. पिंजरेवालीनं आत हात घातला तर मोठ्यानं तिच्या अंगठ्याचा नखापर्यंत चावा घेतला. लहाना पोट वर करून पडला होता, पाय छातीशी.

सोमवारी मॅडम आली. तिनं मेलेल्याला उलटं केलं, शेपूट वर धरलं, एक नजर टाकली. नर, एवढंच म्हणाली. साहेबानं लगेच सांगितलं की बाईनंच दोघांना एकत्र सोडलं, सगळ्यांनी बघितलंय. मॅडमनं तिच्याकडे बघून विचारलं, “तुला माहीत होतं?”

हाच प्रश्न आधी एकदा विचारून झाला होता, आणि खरं बोलून काय मिळालं ते तिनं बघितलं होतं. साहेब तिच्याकडे टक लावून उभा.

“नाही,” पिंजरेवाली म्हणाली. “मला काय कळतंय त्यातलं.”

 मॅडमनं वही उघडून काहीतरी लिहिलं. ह्या वेळी सही मागितली नाही.

त्याच दुपारी साहेबानं कागदावर सही केली. पण आधी त्यानं टायपिस्टकडून एक ओळ वाढवून घेतली होती. सदर प्राणी जिवंत असेपर्यंत. म्हणजे नोकरी कायम, खोली कायम, पण त्या चिरलेल्या कानाच्या उंदराच्या जिवावर. तो आहे तोवर ती आहे. दीर म्हणाला, वहिनी, उंदराच्या जिवावर जगणारी तू पहिलीच. ती म्हणाली, एकोणीस वर्षं दुसरं काय केलं, भावजी?

मोठ्याचे दात पिवळेजर्द होते आणि दाढा झिजलेल्या. म्हातारा होता तो. तिनं त्याचं केलं तेवढं स्वतःच्या नवऱ्याचं केलं नसेल. रोज ताजे कंद, ते चावेनात तेव्हा ठेचून. शोकेस परत गेली तेव्हा त्याला तिच्या खोलीतल्या पेटीत आणला, आणि भिंतीवरचे साठ पिंजरे तिनं काढून गोदामात टाकले. तो पहिले काही दिवस तिला चावायचा. नंतर चावायचा बंद झाला, ओळख झाली म्हणून नाही, ताकद नव्हती म्हणून. अकरा आठवडे. बाराव्या आठवड्यात एका दुपारी ती कंद ठेचत होती आणि तो पेटीच्या कोपऱ्यात बसल्या जागी गेला. तिनं ठेचायचं थांबवलं नाही. वाटी पूर्ण भरली, मग उठली.

मॅडम पुन्हा आली. ह्या खेपेला ती थकलेली दिसत होती, आवाज कोरडा. ऑफिसात साहेब, कारकून, दारात दीर. मॅडमनं पिंजरेवालीला समोर बसवलं आणि सांगितलं की बेट तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तिथं एक जरी मादी उरली असेल तर सांग. तिला पकडायचं, आणायचं, सांभाळायचं. तुझी नोकरी राहील, खोली राहील, हे मी लिहून घेते. आणि नसेल तर तसं सांग, मग मला ही फाईल बंद करावी लागेल.

साहेबानं खुर्ची पुढं ओढली. त्यालाही आता मादी हवी होती. त्यानं शोकेसवाल्याचा नंबर अजून ठेवलेला होता.

पिंजरेवालीनं त्याच्याकडे बघितलं. कारकुनाकडे बघितलं. दिराकडे बघितलं नाही.

“नाही उरली,” ती म्हणाली. “सगळी मारली मी.”

दीर दारातून निघून गेला. साहेबानं विचारलं, तूच म्हणाली होतीस ना मादी बघते म्हणून? बघितली, ती म्हणाली, नाही सापडली. मॅडमनं फाईल बंद केली. शिपायानं पुन्हा स्टूल आणलं. ह्या वेळी पट्टी काळी होती, त्यावर ‘नामशेष’.

फाईल बंद झाली तसं सगळंच बंद झालं. पक्ष्याची काळजी नाही, उंदीर उरला नाही, मग बेटावर कशाला कोण जातंय? होडी काठावर उलटी घालून ठेवली आणि नावाड्याला महिन्याअखेर घरी बसवलं. एका शब्दात तिनं स्वतःची खोली घालवली आणि दिराचं काम पण. हे तिला बोलताना सुचलं नव्हतं. त्या घडीला तिच्या डोक्यात ती पाच आंधळी पिल्लं होती आणि काचेचा कोपरा. होडी आठवली ती नंतर, खूप उशिरा.

तरी दीरच हातगाडी घेऊन आला. खाट, स्टोव्ह, दोन पत्र्याच्या पेट्या. वाटेत तो जे बोलला ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. डोकं फिरलंय का, म्हणाला. माझ्या पोटावर पाय दिलास, म्हणाला. मी तिथंच सांगणार होतो सगळं, जिभेवर आलं होतं, म्हणाला. ती गाडी मागून ढकलत होती. मग सांगितलं का नाही, असं तिनं विचारलं. त्यावर तो आणखी चिडला आणि गाडी खड्ड्यात घातली.

घरी जावेनं दार उघडलं आणि सामान बघितलं. जिन्याखाली कपडे धुवायच्या दगडाशेजारी खाट टाकायला जागा दाखवली. तिथं दार नव्हतं, नुसता पडदा. नवऱ्याचं काम कुणामुळे गेलं हे तिला कळलेलं होतं, आणि ते ती दिवसातून दहा वेळा सांगायची, समोर नाही, भांड्यांशी बोलल्यासारखं. पिंजरेवाली भांडी घासायची, पाणी भरायची, पायाशी झाडू आला की पाय वर घ्यायची.  

दीर आता बाजारात पोती उचलायचा. एका दुपारी तो जेवायला आला, पाठ धरली होती, उंबऱ्यावरच बसला. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो घेतला नाही त्यानं. तळ्याकडे बघत म्हणाला, “बेटावर आता पिंजरे नाहीत, कुणी नाही. साधे उंदीर माजलेत. तुझ्या त्या पिल्लांना पहिल्या आठवड्यातच खाल्लं असेल त्यांनी. कुणासाठी केलंस एवढं?”

हे तिला कळत नव्हतं असं नाही. साध्या उंदराला तिच्याइतकं कोण ओळखतं?

“खाल्लं असेल,” ती म्हणाली. “नसेलही. त्यांचं ते बघतील.”

तिनं तांब्या त्याच्या बाजूला खाली ठेवला आणि आत जाऊन त्याचं ताट वाढायला घेतलं.